'सर, जरा बघता का?'

नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागल्यापासून मी दुसऱ्या वर्षाच्या मुलींकडून एक प्रात्यक्षिक करून घेते. एक मुलगी सिस्टर, एक डॉक्टर. डॉक्टर होणारीला मी आधीच बाजूला घेऊन सांगते, इन्सुलिनचा डोस दहापट सांग. सिस्टर होणारीला तो चुकलाय हे कळतंच. १० च्या पुढे घाईघाईत काढलेला इंग्रजी 'यू' शून्यासारखा दिसतो आणि १० युनिटचे १०० होतात, हे आदल्याच दिवशी शिकवून झालेलं असतं. आता तिने बोलायचं असतं.

बहुतेक मुली एकच वाक्य बोलतात. "सर, जरा बघता का?"

डॉक्टर झालेली मुलगी पाच मिनिटांपूर्वी हिच्याच डब्यातली भाजी खात होती. पण ती कपाळाला आठ्या घालते आणि म्हणते, "सांगितलंय तेवढं करा." सिस्टर झालेली मुलगी मान खाली घालून सिरिंज भरायला लागते. सिरिंजमध्ये साधं पाणी असतं आणि पलंगावर रबरी पुतळा. वर्ग हसतो. मला मात्र दरवर्षी पोटात खड्डा पडतो, कारण त्या मुलीच्या जागी एकदा मी होते आणि माझ्यापुढे पुतळा नव्हता.

नोकरीची पहिलीच वर्षं. जिल्ह्याच्या गावातलं एक खासगी हॉस्पिटल, माझी नाइट ड्यूटी. पंचेचाळिशीच्या एका बाईंची गर्भपिशवी दुपारी काढली होती. रात्री अकराला नाडी ९६, सगळं ठीक. साडेबाराला नाडी ११२, वरचं बीपी १००. त्या सारखं पाणी मागत होत्या. हात गार. लघवीच्या पिशवीत अकरानंतर जेमतेम चार थेंब. मी सर्जनना फोन लावला आणि म्हणाले, "सर, पेशंटला जरा अस्वस्थ वाटतंय, बीपी थोडं कमी आहे." ते म्हणाले, "दुखत असेल. सलाईन वाढवा, सकाळी बघतो." दोन वाजता नाडी १२८, बीपी ९०. पुन्हा फोन. "सिस्टर, मला झोपू देणार आहात की नाही?" फोन बंद झाला.

तिसरा फोन मी केला नाही. रिसीव्हर दोनदा उचलला आणि दोनदा ठेवला.

पहाटे साडेचारला नाडी हाताला लागेना तेव्हा धावपळ झाली. पोट पुन्हा उघडलं, आत रक्त साचलं होतं. नातेवाईक रक्ताच्या बाटल्या आणायला शहरभर पळाले. बाई वाचल्या. सकाळच्या राउंडला सगळ्यांसमोर सर म्हणाले, "वेळेवर सांगायला काय झालं होतं?" मी गप्प उभी होते. केसपेपरवर माझ्याच अक्षरात प्रत्येक वेळेचा आकडा लिहिलेला होता. मी सगळं लिहिलं होतं. बोलले मात्र नव्हते.

या प्रसंगाकडे मी अनेक वर्षं माझा भित्रेपणा म्हणून बघत आले. आता तसं बघत नाही. भित्रेपणा होताच, पण त्याआधी भाषा होती. माझ्या हातात ११२ आणि १०० हे आकडे होते आणि मी काय म्हणाले? 'जरा', 'थोडं', 'वाटतंय'. मोठ्या माणसाशी बोलताना आपण हे शब्द लहानपणापासून वापरतो. सासूबाईंनी केलेल्या आमटीला मीठ नसेल तर सून म्हणते, "मीठ जरा कमी आहे का?" घरात ते शोभतं आणि आमटीचं काही बिघडत नाही. रात्री दोन वाजता वॉर्डात मात्र तोच 'जरा' फोनच्या पलीकडच्या अर्धवट झोपेतल्या माणसाला सांगतो की काही विशेष नाही, झोपा.

हे फक्त मराठी मुलींचं नाही. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. धावपट्टीवर दुसरं विमान अजून असावं अशी शंका उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला आली होती. ती त्याने बोलूनही दाखवली, पण प्रश्नाच्या रूपात: ते विमान बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन हा कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, मान असलेला वैमानिक होता. तो ठामपणे म्हणाला, झालंय. इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. त्यानंतर 'थांबा' हा शब्द त्या कॉकपिटमध्ये कुणी उच्चारला नाही. त्या आणि तशा अपघातांतून विमान कंपन्या शिकल्या. हाताखालच्याने कसं बोलायचं आणि कॅप्टनने ते कसं ऐकायचं, याचं शिक्षण वैमानिकांना सक्तीचं झालं.

इस्पितळांना ते उशिरा सुचलं, आणि त्यालाही कारण झाला एक वैमानिकच. २९ मार्च २००५ रोजी इंग्लंडमध्ये एलेन ब्रॉमिली ही ३७ वर्षांची, दोन मुलांची आई सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी गेली. भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. नळी घालायचे प्रयत्न सुरू झाले आणि सुरूच राहिले. ऑक्सिजन धोक्याच्या कितीतरी खाली जाऊन वीस मिनिटांहून जास्त वेळ तिथेच होता. खोलीत तीन अनुभवी तज्ज्ञ डॉक्टर होते. अशा वेळी गळ्याला छेद देऊन हवा पोचवायची, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण एकाच प्रयत्नात गुंतलेल्या माणसाला वेळेचं भान राहत नाही. एका नर्सने गळ्याला छेद देण्याचा संच आणून ठेवला आणि तो तयार आहे असं सांगितलं. कुणी उत्तर दिलं नाही. दुसरीने आयसीयूत बेड सांगून ठेवला आणि आत येऊन तसं कळवलं. डॉक्टरांनी तिच्याकडे असं बघितलं की तिला वाटलं आपण उगाच घाबरलो. ती बाहेर गेली आणि तिने बेड रद्द केला. १३ दिवसांनी एलेन गेली. काय करायला हवं होतं हे आम्हाला कळत होतं, पण विषय कसा काढायचा ते कळेना, असं नर्सेसनी नंतरच्या चौकशीत सांगितलं.

एलेनचा नवरा मार्टिन ब्रॉमिली वैमानिक होता. त्याने कुणाला तुरुंगात पाठवायचा हट्ट धरला नाही. आमच्या क्षेत्रात अशा मृत्यूची चौकशी आपोआप होते, तुमच्याकडे का नाही, एवढंच त्याने विचारलं. पुढे २००७ मध्ये त्याने 'क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप' ही, माणसांच्या वागण्यातून उपचारांत होणाऱ्या चुकांवर काम करणारी संस्था उभी केली.

ही हकिगत शिकवताना मी मुलींना विचारते, त्या नर्स बोलल्या की नाही? 'नाही' असं उत्तर येतं. मला ते मान्य नाही. संच आणून ठेवणं हे बोलणंच होतं. बेड सांगणं हेही बोलणंच होतं. त्या त्यांच्या परीने, हातांनी बोलत होत्या, जशी मी केसपेपरवर बोलत होते. खोलीत ऐकणारं कुणी नव्हतं.

म्हणून 'नर्सेसनी धीट व्हायला हवं' हे वाक्य मला पटत नाही. परिषदांमध्ये ते फार ऐकू येतं. एक दिवसाची कार्यशाळा, जेवण, प्रमाणपत्र, आणि मुलींनो, आता न घाबरता बोला. बोलायचं कुणी? जिच्या घरात बारावी झालेली ती पहिलीच, जिच्या फीसाठी बापाने कर्ज काढलंय, जी अकरा महिन्यांच्या करारावर आहे आणि रात्री चाळीस पेशंटमागे एकटी आहे, तिने. शिकताना तीन-चार वर्षं आम्हीच तिला सांगितलेलं असतं की डॉक्टर आले की उठून उभं राहायचं, उलट बोलायचं नाही. आम्ही म्हणजे मीसुद्धा. आणि मग सगळ्या साखळीतल्या सगळ्यात कमजोर माणसाकडे आम्ही सगळ्यात मोठं धाडस मागतो.

धाडस हा स्वभावाचा भाग कमी आणि परिस्थितीचा जास्त असतो, याचे पुरावे जुने आहेत. १९६६ मध्ये अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी डॉक्टर फोनवरून नर्सला एक नवीन औषध २० मिलिग्रॅम द्यायला सांगतो. डबीवर स्पष्ट लिहिलंय, जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. २२ पैकी २१ नर्स द्यायला निघाल्या, त्यांना वाटेत अडवावं लागलं (औषध निरुपद्रवी होतं). नर्सेस आंधळेपणाने आज्ञा पाळतात याचा दाखला म्हणून हा प्रयोग आजही सांगितला जातो. पण १९७७ मध्ये तो पुन्हा झाला तेव्हा औषध ओळखीचं होतं आणि नर्सला शेजारच्या सहकारी नर्सला विचारायची मुभा होती. या वेळी १८ पैकी १६ जणींनी डोस दिला नाही. या दुसऱ्या प्रयोगातल्या नर्सेस जास्त शूर होत्या असं नाही. त्यांना औषधाची माहिती होती आणि त्या एकट्या नव्हत्या.

ज्ञान आणि सोबत. आपल्याकडे या दोन्हींची वानवा आहे, हे आमच्या व्यवसायातल्या माणसाने आधी कबूल करायला हवं. गल्लीबोळातल्या कितीतरी छोट्या हॉस्पिटलांत पांढरा ड्रेस घातलेली मुलगी नोंदणीकृत नर्स नसतेच. चार महिने हाताखाली काम करून ती इंजेक्शन द्यायला शिकलेली असते. तिला पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेत दिलं तर हृदय बंद पडतं हे माहीत नसेल, तर ती डॉक्टरला कशावरून थांबवणार? स्वस्तात 'सिस्टर' ठेवणाऱ्या डॉक्टरने स्वतःची चूक पकडणारा शेवटचा हातही काढून टाकलेला असतो.

मग करायचं काय? बोलण्याची गरज धैर्याच्या हातून काढून नियमाच्या हातात द्यायची. ब्रिटनमध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक गुणपद्धत आणली. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप या प्रत्येकाला ठरलेले गुण. सगळं ठीक तर शून्य, बिघडत जाईल तसे १, २, ३. बेरीज ५ झाली की डॉक्टरने तातडीने येऊन बघायचं, ७ झाली की अतिदक्षतेची टीमच यायची. माझ्या त्या बाईंचा हिशेब मी नंतर बसून केला. साडेबाराला नुसत्या नाडीचे आणि बीपीचे मिळून ४ गुण. दोन वाजता नाडीचे २, बीपीचे ३, एकूण ५. पाहा, मला काही 'वाटायची' गरजच नव्हती. "सर, स्कोअर ५ आहे" एवढं म्हणायचं होतं, आणि यायचं की नाही हा प्रश्न सरांच्या झोपेवर किंवा माझ्या आवाजावर उरला नसता. एक छापलेला कागद आणि एक पेन, याहून जास्त खर्च त्याला येत नाही. ग्रामीण रुग्णालयातसुद्धा तो उद्यापासून करता येईल.

नियमामागे व्यवस्थापन उभं असावं लागतं, हे दुसरं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये २००१ मध्ये डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेत नळी घालण्यासाठी पाच पायऱ्यांची यादी केली: हात धुणे, त्वचा जंतुनाशकाने पुसणे, पेशंटवर निर्जंतुक चादर, अशा डॉक्टरांना पाठ असलेल्याच गोष्टी. आधी महिनाभर नर्सेसना नुसतं बघायला सांगितलं. तिनातल्या एकाहून जास्त पेशंटमध्ये एखादी तरी पायरी गाळली जात होती. मग व्यवस्थापनाने जाहीर केलं की पायरी गाळली तर नर्सने डॉक्टरला थांबवायचं, आम्ही तिच्या पाठीशी आहोत. मिशिगन राज्यातल्या शंभराहून जास्त आयसीयूंनी ही पद्धत घेतली तेव्हा नळीमुळे होणाऱ्या जंतुसंसर्गाचा मध्यक (सगळ्या आयसीयूंचे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), दर हजार नळी-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस नळी म्हणजे एक नळी-दिवस) २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. यादी सगळ्यांना आठवते. थांबवण्याचा अधिकार दिला होता, हे सांगायचं राहून जातं.

ऑपरेशनच्या सुरक्षेची जागतिक आरोग्य संघटनेची यादी २००८ ची. ती तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख डॉ. अतुल गावंडे, त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. त्या यादीत छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. आपल्याकडे ही ओळ हमखास गाळली जाते. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्या सर्जनला दहा वर्षं शेजारी उभ्या असलेल्या बाईचं नाव माहीत नाही, फक्त 'सिस्टर' माहीत आहे, त्याला ती 'थांबा' म्हणेल कशी? आणि यादी म्हणाल तर ऑपरेशन संपल्यावर कोपऱ्यात बसून एका दमात सगळ्या टिक मारलेले कागद मी पाहिलेत. अशा कागदाने कुणी वाचत नाही.

डॉक्टर मित्रांचे आक्षेप मी ऐकलेत. आणीबाणीत दहा जण बोलायला लागले तर काम कसं करायचं? शेवटची जबाबदारी आमची, कोर्टात आम्हालाच उभं राहायचं. नर्सचंही चुकू शकतं. हे सगळं खरं आहे. सलग ३६ तास जागा असलेला निवासी डॉक्टरही त्याच उतरंडीत दबलेला असतो. त्याच्या वरच्याला तोही 'जरा बघता का' असंच म्हणतो. पण नर्स चुकली तर डॉक्टरचे दहा सेकंद जातात. डॉक्टर चुकला आणि नर्स गप्प राहिली तर काय जातं ते वेगळं सांगायला नको. निर्णय डॉक्टरचाच राहू दे. मागणी एवढीच आहे की त्याने हात थांबवावा, ऐकावं, कारण सांगावं आणि मग पुढे जावं.

जबाबदारी फक्त डॉक्टरवर येते, हे मात्र खरं नाही. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून किमान ११ रुग्ण गेले. नंतर ज्यांना अटक झाली त्यांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका होत्या. इमारतीची वायरिंग परिचारिका ठरवत नाहीत. शिक्षेच्या वेळी आम्ही मोजल्या जातो, निर्णयाच्या वेळी नाही. आणि बोललं तरी खैर असते असं नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या विंकलर काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) २००९ मध्ये दोन नर्सेसनी एका डॉक्टरच्या उपचारांबद्दल राज्याच्या वैद्यकीय मंडळाला निनावी पत्र लिहिलं. तिथल्या शेरीफने, म्हणजे पोलीसप्रमुखाने, त्यांना शोधून काढलं, नोकरी गेली, फौजदारी खटला भरला गेला. पुढच्या वर्षी एकीवरचा खटला मागे घेतला गेला आणि दुसरीला ज्युरीने तासाभराच्या आत निर्दोष ठरवलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये आपल्याकडे नर्सिंगचा नवा राष्ट्रीय कायदा आला. त्याखालचे नियम करताना, सद्हेतूने धोका सांगणाऱ्या नर्सवर कारवाई करता येणार नाही, ही ओळ ठसठशीत अक्षरांत यायला हवी. केंद्राने स्टाफ नर्सला 'नर्सिंग ऑफिसर' म्हणायला सुरुवात केली, बरं झालं. ऑफिसरला 'नाही' म्हणता यायला हवं.

शब्दांचं काय करायचं, यावर वर्गात आम्ही बराच खल केला. धोका दिसला की डॉक्टरला थांबवण्यासाठी अमेरिकेत नर्सेसना शिकवतात ती वाक्यं मुलींनी मराठीत करून बघितली. 'मला हे पटत नाही' म्हटलं की भांडण वाटतं. 'तुमचं चुकतंय' तर कुणाच्या तोंडून निघेचना. मग जालन्याकडची एक मुलगी, एरवी हजेरीलाही हळूच 'येस मॅडम' म्हणणारी, म्हणाली, "मॅडम, आपण 'मी' पण नको म्हणूया आणि 'तुम्ही' पण नको." आणि तिने फळ्यावर लिहिलं: सर, थांबा. पेशंटला धोका आहे.

मी ते वाक्य बघतच राहिले. त्यात सिस्टरचा अहंकार नाही, डॉक्टरचा अपमान नाही, आहे तो फक्त पेशंट. 'थांबा' हे तर आदरार्थीच आहे, 'थांब' नव्हे. एखाद्या हॉस्पिटलने ठरवून टाकावं की हे वाक्य कुणीही बोललं, नर्स, इंटर्न, अगदी झाडणारी मावशीसुद्धा, तरी हात थांबेल. दोनदा बोलूनही थांबला नाही तर नर्स थेट वरच्या डॉक्टरला फोन करेल, त्यांचा नंबर भिंतीवर लिहिलेला असेल, आणि दुसऱ्या दिवशी तिला कुणी जाब विचारणार नाही.

यंदा प्रात्यक्षिकाला मी एका तरुण सर्जनना बोलावलं होतं. खरा डॉक्टर समोर बघून मुलींचे घसे कोरडे पडले. पहिल्या तिघी 'जरा बघता का'वरच अडकल्या. चौथी बोलली, तेही भिंतीकडे बघून. सर्जननी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाले, "सांगा सिस्टर, काय दिसलं?" नंतर चहा घेताना ते म्हणाले की हे उत्तर त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं, त्या क्षणी सुचलं. वैद्यकीय महाविद्यालयांत साडेपाच वर्षांत हे चार शब्द शिकवायला एक तास पुरेल. तो आमच्या मुलींच्या कार्यशाळेपेक्षा जास्त कामाचा ठरेल.

आणि वाचकहो, तुम्ही हॉस्पिटल निवडता ते सर्जनचं नाव बघून. पुढच्या वेळी घरातल्या कुणाला भरती करायची वेळ आली तर काउंटरवर आणखी एक गोष्ट विचारा. रात्री दोन वाजता सिस्टरने फोन केला आणि डॉक्टरांनी उचलला नाही, तर ती पुढचा फोन कुणाला करते?